उजव्या आट्याची वेल

यंदा पुन्हा आली. दसऱ्यातल्या आयुधपूजेला पीण्याच्या कारखान्यांपुढं फोडलेले कोहळे रस्त्यावरच वाळून जातात, टेम्पोच्या तोंडाला बांधलेले केळीचे खुंट पिवळे पडून लोंबायला लागतात, आणि नेमकं त्याच आठवड्यात बंगळूरच्या राजाजीनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला, रिकाम्या प्लॉटच्या तारेवर ती चढलेली दिसते. लाल पुंगळी. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. दरवर्षी मी ठरवतो की यंदा त्या बाजूनं जायचंच नाही, दूध आणायला वरच्या रस्त्यानं जायचं. आणि दरवर्षी पाय तिकडंच वळतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटाची दोन पेरं होतील एवढं लांब, बारीक नळीचं लालभडक फूल. तोंडाशी चांदणीसारखं पसरतं आणि नळीच्या तोंडात थोडी केशरी झाक असते. आतले केसर बाहेर डोकावतात. सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणजे नोकरदार माणसाला दिसायचंच नाही. पानं गमतीची. एकाच वेलीवर काही पानं हृदयाच्या आकाराची आणि काही तीन टोकांची. शास्त्रातल्या हिच्या नावाचा अर्थ 'आयव्हीच्या पानांची' असा आहे म्हणे. आयव्ही म्हणजे थंड मुलखातली, भिंतींवर चढणारी वेल. अक्का नेहमी म्हणायची की हिला ज्या वेलीचं नाव दिलंय ती वेल काही मी जन्मात पाहिली नाही, आणि हिनं तरी कुठं पाहिलीय. मग हसायची. आम्हीही इथं तसेच, म्हणायची. इथले लोक आम्हाला मराठी म्हणणार, पुण्याचे पाहुणे आले की कानडी म्हणणार, पान बघून नाव ठेवायचं झालं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमित्रा. बंगळूरला आधी ती आली. हुक्केरीच्या बाजूचं आमचं गाव, तिथून एकटी मुलगी नोकरीला एवढ्या लांब जाते म्हणून केवढं बोलणं झालं होतं. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात तिला चित्रं काढायची जागा मिळाली होती. कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं समोर ठेवायची आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवायची. वर्षभरात तिनं मला बोलावून घेतलं, स्वतःच्या पगारातून ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. मग पीण्यातल्या एका टूलरूममध्ये मी चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. आम्ही दोघंही बिनलग्नाचे राहिलो. कारणं वेगवेगळी होती आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही. दिवसभर दोघांनी रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी एकमेकांच्या रेघांना नावं ठेवायची, असा आमचा संसार. ती म्हणायची, तुझ्या रेघेत जीव नाही. मी म्हणायचो, जीव असलेल्या रेघेवर बोल्ट बसत नाही.

त्या प्लॉटपाशी तिनं मला एकदा थांबवलं होतं. खूप जुनी गोष्ट. रविवार होता, मी भाजीची पिशवी घेऊन घाईत, आणि ही बाई तारेपाशी वाकून बसलेली. मला म्हणाली, "सदू, स्वल्प थांब की. हिला आटे आहेत बघ. तुझ्या साध्या बोल्टासारखे, उजवे."

मी पाहिलं. खरंच होतं. वेल तारेभोवती फिरत वर चढली होती, आणि समोरून पाहिलं की प्रत्येक वेढा खालून डावीकडून निघून वर उजवीकडं जात होता. साधा बोल्ट उभा धरला तर त्याचे आटे असेच दिसतात. डावे आटे असतात, पण ते मुद्दाम मागवावे लागतात आणि ड्रॉइंगवर ठळक लिहावे लागतात. मी शेजारची वेल पाहिली, पलीकडची पाहिली. सगळ्या उजव्या. अक्का म्हणाली की ही जात कधी चुकत नाही, तू चुकशील. मला हसू आलं. आटे चुकणारा माणूस टूलरूममध्ये टिकत नाही, असं मी तोऱ्यात सांगितलं होतं.

तिच्या कामाची एक रीत होती. फूल ऊन चढायच्या आत मिटणार, म्हणून हे दिवस आले की ती पहाटेच चहा उरकून, तारेवरची एक डहाळी आणून काचेच्या ग्लासात ओल्या कापसात उभी करायची. पूर्वेच्या खिडकीशी टेबल. आधी मापं. दोन सुयांचा कंपास फुलाला न टोचता त्याच्याजवळ धरायचा, मग कागदावर. माझ्या ऑफिसातला कंपास मी तिला दिला होता, तो तिनं शेवटपर्यंत वापरला. मग शिसपेन्सिल, इतकी हलकी की मला दिसायचीसुद्धा नाही. मग रंग. लाल रंगाला ती घाबरायची. हिरवा चुकला तर झाकता येतो, लाल बोंबलत सुटतो, म्हणायची. एका फुलाला तीन सकाळी लागायच्या आणि रोजचं फूल वेगळं असायचं, कारण कालचं गळून गेलेलं. म्हणजे कागदावरचं ते एक फूल खरं तर तीन फुलांचं मिळून झालेलं.

आणखी एक. अशा चित्रात एकाच देठावर कळी, फूल, कच्चं फळ, पिकून फुटलेलं फळ आणि काळं बी असं सगळं एकदम दाखवतात. प्रत्यक्षात ते तसं दिसेलच असं नाही. ओळखणाऱ्याला झाड कुठल्याही महिन्यात सापडलं तरी पटलं पाहिजे, म्हणून. मला पूर्वी ही लबाडी वाटायची. आता साठी उलटल्यावर वाटतं की माझ्या डोक्यात अक्का तशीच आहे. वेणी घातलेली, चष्म्यातली, खिडकीशी वाकलेली, खाटेवर पडलेली, सगळी एकाच देठावर.

कॉलेजात तिनं काढलेल्या चित्रांची मोजदाद कुणी ठेवली नाही. शास्त्रज्ञांच्या लेखांत ती छापून यायची. लेखावर लेखकाचं नाव, चित्राखाली 'विभागाकडून'. विभागातले सर चांगले होते, दिवाळीला मिठाई द्यायचे, पण नाव घालायचं त्यांना कधी सुचलं नाही आणि अक्कानं कधी मागितलं नाही. तिची सही म्हणजे चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, मुळाशी, मुंगीएवढा 'सु'. छापताना तोही बहुतेक कापला जायचा. मी चिडायचो. ती म्हणायची, झाड बरोबर आलं ना, मग सरी, झालं तर.

झाड बरोबर आलं ना. हे तिचं एकच मोजमाप होतं. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, नजरेतलं मधलं तेवढं. बघायला गेलं की जिथं बघायचं तेवढीच जागा पुसल्यासारखी, आणि कडेकडेचं शाबूत. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडं बघायची, म्हणजे तिला माझं तोंड जरा दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढं राहिलं तरी नशीब. त्याच सुमारास मुग्धा आमच्याकडं यायला लागली. पुण्याची मुलगी, आयटीत. शनिवार-रविवार तिचा एक गट शहरातल्या रिकाम्या प्लॉटमधली रानफुलं बघत हिंडायचा. अक्काला तारेपाशी वाकलेली पाहून तिनंच ओळख करून घेतली. अक्काच्या कपाटातल्या चित्रांच्या फायली पाहिल्या आणि तिचे डोळे भरून आले. तिनं ठरवलं की पुस्तक करायचं. शहरातल्या बेवारशी फुलांचं, साधं, शाळेतल्या मुलांना घेता येईल असं. आणि पहिल्या पानावर 'चित्रं : सुमित्रा हुक्केरीकर'.

अक्का त्या दिवशी जेवली नाही नीट. नाव येणार म्हणून खूश झाली असं ती कधीच कबूल करणार नाही, पण मला कळत होतं. तिनं मला तीनदा विचारलं की पहिल्या पानावर म्हणजे पहिल्याच का.

बाकीची चित्रं जुनीच निघाली. फक्त लाल पुंगळीचं रंगीत चित्र तिच्याकडं नव्हतं. इतकी वर्षं दारात असलेली वेल, उद्या काढू उद्या काढू म्हणत राहून गेलेली. मुग्धा म्हणाली की फोटो घालू. अक्का नको म्हणाली. तो सगळा हंगाम ती त्या एका चित्रावर बसली. डोळ्याच्या कडेनं बघायचं, म्हणजे मान वाकडी करून, फुलाकडं पाठ फिरवल्यासारखं बसायचं. हातात भिंग. रंग कुठला ते मला विचारायची, आणि मी लाल म्हटलं की रागवायची, लाल म्हणजे कुठला लाल, कुंकवाचा का मिरचीचा. मला वैताग यायचा. समोर चार मजली इमारत उठलेली, खिडकीतला उजेड निम्मा झालेला, बाहेर कार्तिकातली भुरभुर, आणि घरात ती वाकडी मान. मी पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. मला बघवत नव्हतं हे खरं, आणि कंटाळा आला होता हेही खरं.

डिसेंबरात चित्र झालं. मी आयुष्यभर चित्रं तपासलेला माणूस, मला चूक सापडली नाही. वेल काडीभोवती चार वेढे घालून चढलेली, चारही उजवे. मूळ खाली डाव्या कोपऱ्यात, त्याच्याशेजारी 'सु'. फुलांची तोंडं डावीकडं.

मी ते स्कॅन करून मुग्धाला पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. पुस्तकात हे चित्र डाव्या पानावर येतंय, त्यामुळं फुलं पुस्तकाच्या बाहेर बघताहेत, ऑड दिसतंय. अक्कांना दुसरं काढता येईल का? मी म्हटलं, छे, कसलं दुसरं. अक्काला सांगितलं असतं तर ती परत मान वाकडी करून बसली असती, आणि ते मला नको होतं. मी म्हटलं, थांब, बघतो.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मशीनला डावा आणि उजवा असे जोडीचे भाग लागतात. आम्ही ड्रॉइंग एकाचंच काढतो. दुसऱ्यासाठी संगणकावर आरशातल्यासारखं उलटं फिरवायचं एक बटण असतं. टेबलावर काढायचो तेव्हा तर नुसतं लिहायचो, 'असाच, उलट्या हाताचा'. तीस वर्षं मी ते बटण दाबलंय. विचार करून कुणी दाबत नाही. मी अक्काचं चित्र उघडलं आणि दाबलं. फुलं आत बघायला लागली. मूळ उजव्या कोपऱ्यात गेलं. 'सु' उलटा झालेला दिसला, तो मी कापून, सरळ करून, परत मुळाशी नेऊन बसवला. इतकं माझं लक्ष होतं. अक्षर उलटं झालेलं मला दिसलं. वेल उलटी झालेली दिसली नाही.

दोन मिनिटांचं काम. मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकला. अक्काला सांगितलंसुद्धा नाही.

पुस्तक आलं ते पुढच्या वर्षी, ह्याच दिवसांत. मुग्धानं पाच प्रती घरी पाठवल्या. अक्कानं एक हातात घेतली, वास घेतला, पहिल्या पानावर बोट फिरवून नाव कुठं आहे विचारलं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. बराच वेळ तिनं ते तिथंच ठेवलं. मग म्हणाली, पुंगळी काढ.

मी पान काढलं. छापील कागदावर ते असं काही डोळ्यांत घुसलं. चारही वेढे डावे. जगात अशी लाल पुंगळी नाही. तिथं बाहेर तारेवर शेकड्यांनी वेढे होते, त्यातला एकही असा नव्हता.

"कशी आलीय?" अक्कानं विचारलं. मी म्हटलं, "छान." तिनं परत विचारलं, "वेल?" मी म्हटलं, "वेल पण छान आलीय." तिनं मान हलवली, माझ्या कानाकडं बघत.

का खोटं बोललो, ह्याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिलीत. तिचा आनंद मोडवेना, हे एक. ते अगदीच खोटं नाही. पण खरं म्हणजे मला लाज वाटली. आटे चुकणार नाही म्हणून तिच्यासमोर छाती काढलेला मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वाटलं, कोण बघतंय. रानातल्या वेलीचे आटे मोजायला कोण बसलंय.

बसलं होतं. दीड-दोन महिन्यांनी मुग्धा आली, पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. इथं त्याला अवरेकाई म्हणतात, त्या दिवसांत अख्ख्या शहराला त्याचा वास येतो. अक्का आणि ती शेंगा सोलत बसल्या. मी खुर्चीत. मुग्धा जरा चाचरत म्हणाली की एक विचारू का, तिच्या गटातल्या कुणी तरी फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पाहिलं, तर वेलीचा पीळ चित्रात उलटा दिसतोय. तसाही प्रकार असतो का?

पुढचा क्षण मला अजून सोडत नाही. फार तर चार-पाच दाणे सोलून व्हावेत एवढाच वेळ असेल. अक्कानं मान वर केली नाही. मी बोलायचं होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, मी फिरवलं म्हणून. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

मग अक्का म्हणाली, "तसा प्रकार नसतो. चुकलं असणार माझं. डोळे कुठं होते तेव्हा."

मुग्धा लगेच म्हणाली, अहो अक्का, इट्स ओके, कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्का म्हणाली, येतं. मुलांच्या येतं. आणि परत सोलायला लागली.

मुग्धा गेल्यावर मी पिशव्या आवरल्या, टरफलं गोळा केली, उगाच फरशी पुसली. अक्का तशीच बसून होती, दोन्ही हात ताटात. तिचं तोंड इतकं उतरलेलं मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती आठवत होती, हे मला कळत होतं. एकेक वेढा आठवत होती आणि तिला तो उजवाच आठवत होता. आणि आपला हात आणि आठवण, दोन्ही गेले की काय, असं तिला वाटत होतं. हे सगळं मला कळत होतं आणि मी फरशी पुसत होतो.

मग तिनं विचारलं, "सदू, छापलेल्यात सही कुठल्या बाजूला आहे रे?"

मी पुस्तक काढलं, बघितलं आणि सांगितलं, "उजवीकडं. खाली, मुळाशी."

"बरं," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर मला समजलं. तिची सही जन्मभर डावीकडं. मुंगीएवढा 'सु', डाव्या कोपऱ्यात. तिनं एका प्रश्नात अख्खं चित्र तपासलं होतं. माझ्या साहेबांना जे जमलं नसतं ते तिनं डोळ्यांशिवाय केलं. आणि तिच्या तोंडावरचा ताण गेला. आपण चुकलो नव्हतो हे तिला कळलं. कोण चुकलं तेही कळलं. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, उद्या ह्याची उसळ करू, स्वल्प तिखट.

त्या हिवाळ्यात मी वाट बघत राहिलो. आज रागावेल, उद्या रागावेल. मला बोलणी खायची होती, खरंच खायची होती. ती काही बोलली नाही. मुग्धाला फोन करून, बाई, चूक माझी नव्हे हो, असंही सांगितलं नाही. चारचौघांत घेतलेला दोष तिनं तसाच अंगावर ठेवला. मला वाटायचं, ती काढेल विषय, मग मी बोलेन. तिला बहुतेक वाटत असावं की हा बोलेल, मग बघू. एका घरात, एका टेबलावर, रोज दोन वेळा जेवत आम्ही दोघं थांबून राहिलो. पुढच्या श्रावणात अक्का गेली. तापाचं निमित्त झालं, पाच दिवस. पाचही दिवस मी उशाशी होतो आणि पाचही दिवस मला वेळ होता.

लोक भेटायला आले तेव्हा मुग्धाच्या गटातला एक जण चांगुलपणानं म्हणाला की शेवटी डोळ्यांनी दगा दिला त्यांना, नाही तर चुकणाऱ्या नव्हत्या. मी हो म्हटलं. मान डोलावून हो म्हटलं.

ह्या वर्षी वेल आली आणि त्याच आठवड्यात मुग्धाचा फोन. पुस्तकाच्या प्रती संपल्या, नवी आवृत्ती काढतोय, तुमच्या गल्लीत पुंगळी आलीय का? रविवारी सकाळी येते. वाटलं, देवानं आणून दिली ही वेळ. कपाटातून फाईल काढली, त्यातून अक्काचं मूळ चित्र काढलं. ओल लागू नये म्हणून मेणकागदात ठेवलेलं, लाल जसाच्या तसा, कुंकवाचा आणि मिरचीचा यांच्या मधला. ते पुठ्ठ्यात घालून, बगलेत मारून मी सात वाजताच तारेपाशी जाऊन उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आता हसू येतं.

मुग्धा आली. केसांत दोन-चार पांढरे दिसले. मी तिला काही बोलू दिलं नाही. म्हटलं, मुग्धा, आधी ऐक. ते चित्र अक्काचं चुकलं नव्हतं. फुलं आत बघावीत म्हणून मी ते फिरवलं, मशीनच्या भागासारखं. तिला विचारलं नाही. आणि तू विचारलंस तेव्हा तिनं चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. हे बघ खरं चित्र, नव्या पुस्तकात हे घाल.

तिनं पुठ्ठा उघडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं, उगाच नाव कशाला ठेवू. मग म्हणाली, "काका, किती मनाला लावून घेतलंत हो. पण अॅक्च्युअली, नव्या आवृत्तीत चित्रं नाहीयेत. मुलांना ओळखायला सोपं जातं म्हणून सगळे फोटोच घेतोय. पानं लावून झालीयेत सगळी." आणि नाव? मी विचारलं. आभारात टाकू ना, डेफिनेटली, ती म्हणाली. वाईट नाही ती मुलगी. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. तिनं गुडघ्यावर बसून मोबाइलवर फोटो काढले, वेढ्यांचा अगदी जवळून एक काढला आणि मला दाखवला. उजवे होते. तिला ऑफिसचा कॉल होता, रविवारीसुद्धा, ती गेली.

वरातीमागून घोडं. इतकी वर्षं जे एक वाक्य मी गिळून होतो, ते बोललो, आणि त्याला ठेवायला कुठं जागाच उरली नव्हती. चूक दुरुस्त होणार नाही, नुसती मागं पडणार. जुन्या प्रती शाळांतून आहेत, त्यांत अक्काच्या नावाखाली ती डावी वेल राहील. आणि बरोबर असलेली जी एक आहे ती माझ्या बगलेत.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. खिशात पुठ्ठा बांधलेली सुतळी होती. वेलीचा एक कोवळा शेंडा तारेवरून सुटून हवेत हलत होता. तो मी हळूच धरला आणि तारेभोवती डावे दोन वेढे घातले, चित्रात छापलेत तसे, आणि सुतळीनं सैलसर बांधला. म्हटलं, एक तरी असू दे. जगात एक तरी वेल त्या छापील चित्रासारखी असू दे, म्हणजे अक्काचं नाव खोटं पडणार नाही. शेजारच्या दुकानदारानं काय करताय म्हणून विचारलं, एन माडताय्दीरी, सार? मी म्हटलं, काही नाही, सुटली होती, बांधली.

आज सकाळी दुधाला जाताना पाहिलं. गाठ घसरून खाली आली होती. एक वेढा उलगडला होता. आणि सुतळीच्या पुढं शेंडा बोटभर वाढला होता, आणि तेवढ्यात त्यानं तारेला अर्धा वेढा घातलाही होता. डावीकडून वर, उजवीकडं. ही जात चुकत नाही, तिनं सांगितलं होतं.

मी सुतळी सोडवून खिशात घातली. घरी आलो, दूध तापत ठेवलं, मूळ चित्र काढून तिच्या टेबलावर, खिडकीशी ठेवलं. समोरच्या इमारतीच्या फटीतून सकाळचा थोडा उजेड येतो, तेवढ्यात पाहिलं. चारही वेढे उजवे. डाव्या कोपऱ्यात, मुळाशी, मुंगीएवढा 'सु'.

"अक्का," मी मोठ्यानं म्हटलं, "सही डावीकडंच आहे."

दूध उतू गेलं.